शेवटानं ठरणारा काळ

जेम्स कॅमेरॉनच्या १९९१ सालच्या ‘टर्मिनेटर २’चे दोन शेवट चित्रित झाले होते. एका शेवटात २०२९ साल आहे. स्वच्छ उन्हातली बाग, बाकावर बसलेली म्हातारी सारा कॉनर, आणि तिच्या समोर आपल्या लहान मुलीशी खेळणारा जॉन, जो आता सिनेटर झाला आहे. यंत्रांचं ते भयंकर युद्ध झालंच नाही. कॅमेरॉननं हा शेवट कापून टाकला. चित्रपटगृहांत गेलेल्या प्रतीत त्याऐवजी रात्रीचा रस्ता आहे. गाडीच्या दिव्यांपुरता उजेड, पुढं काळोख, वर साराचा आवाज.

या दोन शेवटांच्या आधीचे सव्वादोन तास तेच आहेत. तरी बागेतला शेवट जोडून पाहिला की मागचं सगळं डळमळायला लागतं. जॉनचा बाप काइल रीस हा त्या युद्धातूनच भूतकाळात आलेला सैनिक. युद्ध झालं नसेल तर त्याला मागं कुणी पाठवलं? आणि तो आलाच नसेल तर बागेत खेळणारा हा माणूस कुणाचा मुलगा? काळोख्या रस्त्याच्या शेवटात हा प्रश्न मिटलेला नाही, पण तो लगेच वसूल करायची वेळ आलेली नाही. युद्ध टळलं की पुढं ढकललं गेलं, हे चित्रपट सांगत नाही. २००३ साली आलेल्या तिसऱ्या भागानं नेमकी हीच फट वापरली आणि युद्ध फक्त लांबलं होतं असं सांगून टाकलं.

मी पदार्थविज्ञान शिकलेलो नाही. शिक्षण वाणिज्य शाखेचं, पोटापाण्याचं काम हिशेब तपासण्याचं. पण कालप्रवासाच्या कथा-चित्रपटांचा नाद जुना, आणि त्यातून जे वाचन झालं ते ग्रंथालयाच्या कार्डावर, कुणी न सांगता. या नादात एक सवय लागली. असा चित्रपट संपायला साधारण पंधरा मिनिटं उरली की थांबवायचा आणि वहीत लिहायचं की आत्तापर्यंत दिसलं त्यावरून या कथेतला काळ कोणत्या जातीचा आहे. मग उरलेला भाग पाहायचा. या वह्यांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. शेवटाच्या उंबऱ्यावर उभं असताना बहुतेक वेळा एकाहून अधिक उत्तरं बसतात. काळाचा नियम पात्रांनी सुरुवातीला कितीही समजावून सांगितलेला असो, तो खरा ठरतो शेवटी. आपला विश्वास तिथून उलटा, मागं मागं पसरत जातो. (पुढं अनेक चित्रपटांचे शेवट उघड होणार आहेत. त्याला इलाज नाही.)

जाती ढोबळमानानं तीनच. एकीत काळ म्हणजे विणून झालेलं कापड. प्रवासी मागं जातो तो धागाही आधीपासून त्या कापडातच असतो, त्यामुळं काही बदलत नाही. दुसरीत काळ म्हणजे पाटी. पुसून पुन्हा लिहिता येते. तिसरीत काळाला फाटे फुटतात. प्रवासी मागं जाऊन काही वेगळं करतो तेव्हा एक नवं जग सुरू होतं आणि जुनं आपल्या वाटेनं चालत राहतं.

आता थरारकथेची अडचण पाहा. तिचा सगळा जीव ‘थांबवता येईल का?’ या एका प्रश्नात असतो. बॉम्ब, खून, साथ, काहीही असो, प्रेक्षक खुर्चीच्या कडेला येतो तो त्या आशेवर. काळ कापडासारखा असेल तर उत्तर ‘नाही’ हे ठरलेलं, मग दोन तास धावपळ कशाला? काळ पाटीसारखा असेल तर आशा जिवंत राहते, पण पुसणाऱ्याचा हातच पुसला जाण्याची पाळी येते. फाटे फुटत असतील तर ज्याला वाचवलं तो दुसराच कुणी, आणि ज्याच्यासाठी जीव टाकला तो मेलेलाच राहतो. म्हणजे पटणं आणि थरार एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात. ही ओढाताण कुठं तरी संपवावी लागते, आणि ती जागा शेवटाची.

पहिल्या जातीचा सर्वांत चांगला शेवट माझ्या मते टेरी गिलियमच्या ‘ट्वेल्व्ह मंकीज’चा, १९९५ सालचा. त्याचं मूळ क्रिस मार्करच्या ‘ला जेते’ या १९६२ सालच्या फ्रेंच लघुपटात आहे. अर्ध्या तासाहून कमी लांबीचा हा लघुपट जवळजवळ संपूर्ण स्थिर छायाचित्रांचा आहे, फक्त एकदा, झोपेतून जागी होणारी स्त्री डोळे उघडते तेव्हा चित्र हलतं. त्यातल्या नायकाला लहानपणी पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावर पाहिलेला एक चेहरा आणि एका माणसाचा मृत्यू आठवत असतो. कालप्रवास करून तो त्याच क्षणी, त्याच जागी पोचतो आणि मरणारा माणूस आपणच होतो हे त्याला कळतं. इथं गाठ घट्ट बसते. पण ही शोकांतिका आहे, थरारकथा नव्हे. नायक काही थांबवायला गेलेलाच नसतो.

गिलियमपुढं काम जास्त कठीण होतं. त्याच्या चित्रपटात विषाणूनं पाच अब्ज माणसं मेली आहेत, उरलेली जमिनीखाली राहतात आणि कोल नावाच्या कैद्याला मागं पाठवलं जातं. प्रेक्षक लगेच धरून चालतो की साथ थांबवायला. प्रत्यक्षात शास्त्रज्ञ तसं कधीच म्हणत नाहीत. त्यांना विषाणूचा मूळ, न बदललेला नमुना हवा आहे, म्हणजे त्यांच्या काळातल्या माणसांना पुन्हा जमिनीवर राहता येईल. झालं ते झालं, हे कोल स्वतः डॉक्टरांना सांगतो. आपण ऐकतो आणि कानाआड करतो, कारण थरारपट पाहायची आपली सवय तशी आहे.

मधल्या भागात चित्रपट आपल्याला पुरावे देत जातो. पहिल्या महायुद्धाच्या खंदकात चुकून पोचलेल्या कोलच्या पायात गोळी शिरते. पुढं १९९६ सालात डॉक्टर कॅथरिन ती काढते तेव्हा ती गोळी १९२०च्या आधीची असल्याचं निष्पन्न होतं. तिला कोलचं म्हणणं खरं वाटायला लागतं ते तिथून. मग तो टेलिफोनचा प्रसंग. शास्त्रज्ञांनी दिलेला क्रमांक गालिचे धुऊन देणाऱ्यांचा निघतो. कॅथरिन हसतहसत त्या यंत्रावर काही तरी बडबड नोंदवते आणि येऊन कोलला सांगायला लागते, तर तो तीच वाक्यं तिच्या आधी म्हणून दाखवतो. त्यानं ती भविष्यात, झिजलेल्या ध्वनिमुद्रणात ऐकलेली असतात. दोघांच्या चेहऱ्यांवरचं हसू तिथं विरतं. माझ्या वहीत या प्रसंगासमोर फक्त ‘कापड’ असा शब्द आहे.

तरीही आशा सुटत नाही. विमानतळावर कोल पिस्तूल घेऊन विषाणू नेणाऱ्या माणसामागं धावतो, पोलीस त्याला गोळी घालतात आणि आठेक वर्षांचा एक मुलगा ते पाहत उभा असतो. तो मुलगा म्हणजे कोलच. चित्रपट इथं संपला असता तर तो ‘ला जेते’ची मोठी आवृत्ती झाला असता. पण पुढं एक छोटा प्रसंग येतो. गुन्हेगार विमानात जाऊन बसतो. शेजारच्या आसनावर एक बाई आहे, भविष्यातल्या त्या शास्त्रज्ञांपैकी एक. ती आपला व्यवसाय विम्याचा असल्याचं सांगते.

हा प्रसंग साथ थांबवत नाही. थांबवूच शकत नाही, कारण सुरक्षा तपासणीच्या वेळी एक कुपी आधीच उघडली गेली आहे. मात्र ती बाई तिथं पोचली ती कोलनं काही वेळापूर्वी टेलिफोनवर ठेवलेल्या निरोपामुळं. म्हणजे त्याचा मृत्यू फुकट गेला नाही, आणि झालेलं काही बदललंही नाही. आपण दोन तास भलत्याच प्रश्नाचं उत्तर शोधत होतो. साथ थांबेल का, हा प्रश्न कथेचा नव्हताच. नमुना मिळेल का, हा होता, आणि त्याचं उत्तर खुलं होतं. कापडाच्या जातीच्या कथेत थरार टिकवायची ही मला सापडलेली सर्वांत प्रामाणिक युक्ती: कापडात जे अजून कुणी पाहिलेलं नाही, तिथंच डाव लावायचा.

असले बंद शेवट आपल्याला पटतात, त्याला विज्ञानातही थोडा आधार आहे. १९४९ साली कुर्ट गेडेलनं आइन्स्टाइनच्या समीकरणांचं असं एक उत्तर काढलं की ज्यात विश्व फिरतं असतं आणि पुढं पुढं जात राहिलं तर आपल्याच भूतकाळात पोचता येतं. पुढं १९८०च्या दशकात किप थॉर्न आणि त्याचे सहकारी कृमिविवरांवर काम करत असताना जोसेफ पोल्चिन्स्कीनं त्यांना एक कोडं घातलं. बिलियर्डचा चेंडू विवरात जातो, थोडा आधीच्या वेळी दुसऱ्या तोंडातून बाहेर येतो आणि स्वतःलाच धक्का मारून विवराच्या वाटेवरून हटवतो. मग तो आत गेलाच कसा? थॉर्नच्या विद्यार्थ्यांनी गणित मांडलं तर भलतंच उत्तर निघालं. बाहेर येणारा चेंडू किंचित तिरका येतो, धक्का ओझरता बसतो, पहिला चेंडू विवरात जातोच, पण किंचित तिरका. धक्क्याचं कारण धक्काच. एवढंच नाही, अशी एकमेकांशी जुळणारी उत्तरं एकाहून जास्त निघाली.

आपल्याला हे ऐकून आश्चर्य वाटायचं कारण नाही. परीक्षित राजा तक्षकापासून वाचायला एकखांबी महालात जाऊन बसला आणि तक्षक फळातल्या किड्याच्या रूपानं आत गेला, ही गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली आहे. कंसानं देवकीला बंदीत घातलं म्हणून तर कृष्ण रातोरात गोकुळात पोचला. टाळायची धडपडच घडवून आणते, हा आकार आपल्या कानाला ओळखीचा आहे. डेव्हिड लुइस या तत्त्वज्ञानं १९७६ सालच्या निबंधात म्हटलं होतं की आजोबाला मारायला मागं गेलेला नातू अपयशी ठरेल तो अगदी साध्या कारणानं, नेम चुकेल किंवा ऐन वेळी कसला तरी आवाज होईल. तर्काला हे पुरतं. कथेला पुरत नाही. नुसता नेम चुकला तर प्रेक्षक म्हणतो, लेखकानं चुकवला. अपयश त्या माणसाच्या स्वभावातून किंवा त्याच्या प्रयत्नातूनच यायला हवं. नाचो विगालोन्दोच्या ‘टाइमक्राइम्स’ या २००७ सालच्या स्पॅनिश चित्रपटाचं बळ यातच आहे. त्यातला साधा गृहस्थ एक घोळ निस्तरायला मागं जातो आणि आपण ज्याला घाबरून पळालो तो चेहऱ्याला पट्टी गुंडाळलेला माणूस स्वतःच होऊन बसतो.

पाटीच्या जातीत शेवटावर फार मोठं कर्ज असतं. सगळं पुसलं तर पुसणारा कुठून आला, आणि जुनं जग फक्त त्यालाच कसं आठवतं? ही दोन देणी चुकवणारा चित्रपट मी अजून पाहिलेला नाही. पण काही जण ती चतुराईनं पुढं ढकलतात. रायन जॉन्सनच्या ‘लूपर’मध्ये (२०१२) तरुण जो स्वतःला गोळी घालतो आणि तीस वर्षं पुढून आलेला म्हातारा जो समोरच नाहीसा होतो. कागदावर हे उभं राहत नाही. म्हातारा कधी झालाच नसेल तर त्यानं आजवर केलेले खून कुणी केले? तरीही पाहताना पटतं. कारण पहिल्या अर्ध्या तासात सेथ नावाच्या माणसाचा प्रसंग येऊन गेलेला असतो. तरुण सेथची बोटं कापली जातात तसतशी पळत असलेल्या म्हाताऱ्या सेथच्या हातावरची बोटं नाहीशी होतात. शरीरावरची खूण लगेच पुढं पोचते, एवढा एकच नियम त्या भीषण प्रसंगानं आपल्या मनावर कोरलेला असतो, आणि शेवट बरोबर तेवढाच नियम वापरतो. बाकी चौकशी करू नका, असं तर म्हातारा जो खाणावळीत तोंडावरच सांगतो. म्हाताऱ्या जोच्या भूमिकेत ब्रूस विलिस आहे. कोलही तोच होता.

‘द बटरफ्लाय इफेक्ट’ (२००४) हे उलट उदाहरण. त्याचेही दोन शेवट उपलब्ध आहेत. चित्रपटगृहातल्या शेवटी इव्हान लहानपणात जाऊन केलीला दुखावणारं बोलतो, म्हणजे ती त्याच्यापासून दूर राहील आणि वाचेल. मोठेपणी दोघं रस्त्यात एकमेकांवरून निघून जातात. दिग्दर्शकांच्या प्रतीत मात्र तो आईच्या पोटात असतानाच स्वतःच्या गळ्याला नाळेचा फास लावतो. अनेकांना हा दुसरा शेवट जास्त धाडसी वाटतो. मला तो जास्त कच्चा वाटतो. जो जन्मलाच नाही त्यानं त्या रोजनिशा लिहिल्या कधी, ज्या वाचून तो मागं जात होता? रस्त्यातल्या शेवटात निदान पुसणाऱ्याचा हात शिल्लक राहतो, आणि आठवणीचं ओझं त्याला एकट्याला वाहावं लागतं, ही किंमत आपल्याला डोळ्यांनी दिसते.

‘डार्क’ या जर्मन मालिकेबद्दल थोडक्यात. सव्वीस भागांपैकी पंचवीस भाग तिनं कापड इतकं घट्ट विणलं की सुई शिरू नये. मग शेवटच्या भागात कळतं की सर्वनाशाच्या क्षणी काळ थबकतो आणि तेवढ्या फटीतून सुटता येतं. भावनेच्या दृष्टीनं तो शेवट सुंदर आहे. पण वर्षअखेरीला ताळेबंद जुळेना म्हणून एखादी नोंद ऐन वेळी घुसडावी, तशी ही फट मला वाटते.

फाट्यांच्या जातीतला मला सर्वांत अस्वस्थ करणारा शेवट डंकन जोन्सच्या ‘सोर्स कोड’चा (२०११). कोल्टर स्टीव्हन्स हा सैन्यातला वैमानिक. अफगाणिस्तानात जवळजवळ संपलेलं त्याचं शरीर यंत्रांवर जगवलं जातं आहे. शिकागोकडं जाणाऱ्या आगगाडीत स्फोट झाला, त्यात मेलेल्या शॉन फेंट्रेस नावाच्या शिक्षकाच्या शेवटच्या आठ मिनिटांत त्याला पुन्हा पुन्हा पाठवलं जातं. काम एवढंच की बॉम्ब ठेवणारा ओळखायचा. त्याला बजावलेलं असतं की हा कालप्रवास नव्हे आणि गाडीतली माणसं वाचणार नाहीत. शेवटच्या फेरीत तो बॉम्ब निकामी करतो, वडिलांना फोन करतो, डब्यातल्या विनोदवीराशी पैज लावून सगळ्यांना हसवतो आणि क्रिस्टिनाचं चुंबन घेतो. तिकडं त्याची यंत्रं बंद केली जातात. डबा गोठतो. हसतानाच थांबलेले चेहरे, आणि कॅमेरा त्यांच्यामधून सरकत जातो.

चित्रपट इथं संपायला हवा होता, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. तसं झालं असतं तर नियम शाबूत राहिला असता आणि एका मरणाऱ्या माणसानं मेलेल्यांना आठ चांगली मिनिटं दिली, एवढं हाती आलं असतं. पण चित्र पुन्हा हलायला लागतं. नववं मिनिट येतं. दोघं शिकागोतल्या त्या आरशासारख्या शिल्पापाशी पोचतात, आणि ज्या जगात स्फोट झालाच नाही तिथल्या गुडविनला कोल्टरचा निरोप मिळतो. म्हणजे प्रत्येक फेरी एक नवं जग होती. तर्काला यात खोट नाही. पण हा शेवट मागं जाऊन सगळ्या फेऱ्यांचा अर्थ बदलतो. आधीच्या प्रत्येक फेरीत खरीखुरी माणसं पुन्हा एकदा स्फोटात मेली असं आता मानावं लागतं. आणि शॉन फेंट्रेस? त्याच्या जगात स्फोट झाला नाही, तो मरणार नव्हता. त्याचं शरीर, त्याची मैत्रीण, त्याचा पुढचा सगळा जन्म कोल्टरकडं गेला. आरशात क्षणभर त्याचा चेहरा दिसतो, पण त्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

मी हा चित्रपट चारपाच वेळा पाहिला आणि दर वेळी त्या शिक्षकापाशीच अडकलो. शेवट पटत नाही असं आपण म्हणतो तेव्हा बोट दरवेळी तर्काच्या चुकीकडं असतं असं नाही. कधी कधी तर्क नीट असतो, पण किंमत कुणी तरी तिसऱ्यानंच मोजलेली असते आणि कथा तिची नोंदच करत नाही. कोलची किंमत कोलनं मोजली, तरुण जोची जोनं. म्हणून ‘लूपर’चा तर्क गळका असूनही तो मनात टिकतो.

फाटे मान्य करूनही संयमानं संपलेली कथा हवी असेल तर ती मराठीत आहे. ती थरारकथा नाही, पण याच कोड्याला भिडते. त्याआधी एच. जी. वेल्सची आठवण काढायला हवी. ‘द टाइम मशीन’ (१८९५) या कादंबरीत प्रवासी भविष्यातून परततो तेव्हा त्याच्या खिशात वीनानं दिलेली दोन पांढरी फुलं असतात. घरी जमलेल्यांपैकी डॉक्टर ती न्याहाळतो आणि त्याला त्यांची जात ओळखू येत नाही. मग प्रवासी पुन्हा निघून जातो, तो परत येतच नाही. यंत्र गेलं, साक्षीदार गेला, उरली ती वाळलेली फुलं. पुरावा असा लहान आणि मुका ठेवला की तो नाकारणंही अवघड जातं.

जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत फुलांच्या जागी बखरीचं पान आहे. तिचं इंग्रजी रूप अकरावीच्या पाठ्यपुस्तकातून देशभर वाचलं गेलं आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा जगात पोचतात की जिथं १७६१ साली पानिपतावर मराठे जिंकले आणि मुंबईवर अजून ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल आहे. ते इतर प्रवाशांसारखे काही बदलायला धावत नाहीत. ग्रंथालय गाठतात आणि पुस्तकं काढून बसतात. शेवटी आपल्या जगात परतल्यावर त्यांचं म्हणणं राजेंद्र देशपांडे हा शास्त्रज्ञ मित्र ऐकून घेतो, पण मनाचा खेळ म्हणून बाजूला सारायला लागतो. तेव्हा पंत खिशातून बखरीचं फाटकं पान काढतात. आपल्या जगातल्या बखरीत विश्वासरावांना गोळी लागते. या पानावर ती ओझरती निघून जाते. त्यानंतर राजेंद्र कॅटॅस्ट्रफी थिअरी आणि क्वांटम सिद्धान्ताच्या आधारे जी उपपत्ती मांडतो ती आपण कान देऊन ऐकतो, ते त्या पानामुळं. तीच उपपत्ती पानाआधी सांगितली असती तर व्याख्यान वाटलं असतं.

पानिपत पुसावं असं न वाटलेला मराठी माणूस विरळा. विश्वासराव वाचते तर, हा आपल्याकडचा जुनाच उसासा आहे, आणि नारळीकरांना तो ठाऊक नव्हता असं कसं म्हणावं? त्यांनी ती गोळी चुकवली, पण दुसऱ्या जगात. आपल्या जगातली लढाई त्यांनी हरलेलीच ठेवली. परत येताना पंतांच्या हाती पूर्ण बखरही राहू दिली नाही, ती आझाद मैदानावरच्या सभेच्या गोंधळात हरवते. उरतं एक पान. आणि ज्यांना अध्यक्षपदाच्या भाषणांची एवढी हौस, ते पंत पानिपतावरच्या परिसंवादाच्या आयोजकांना आपण येऊ शकत नसल्याचं कळवून टाकतात.